पाडव्याचा पहिला ट्रक

मेघाली तरे नेमकं काय काम करते, हे भिवंडीजवळच्या अंजूरमध्ये कोणालाच धड माहीत नव्हतं. कोणी विचारलं तर ती सांगायची, "कंप्युटरच्या चुका शोधते." विचारणारी बाई मोठ्या कौतुकाने मान डोलवायची आणि चार पावलं पुढे गेली की शेजारणीच्या कानाला लागायची, "बापासची चूक शोधली आसती तं बरं झालं आसतं." गावाच्या तोंडाला कोण हात लावणार! मेघालीला हे ऐकू यायचं. तिने ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय करून घेतली होती, आणि ती सवय तिच्या चेहऱ्यावर बसली होती. सत्तावीस वर्षांची मुलगी, पण हसताना आधी आजूबाजूला बघायची.

तिचा बाप दौलत तरे. खाडीकाठचा माणूस. ज्या शेतात त्याचा बाप भात झोडायचा, त्या शेतात आता गोडाऊनं उभी आहेत आणि त्यांच्या दारांना कंटेनर उलटे लागतात. भावांनी गोडाऊनवाल्यांना जमिनी दिल्या, बंगले बांधले, दारात गाड्या लावल्या. दौलतचा जीव त्या भानगडीत कधी रमला नाही. त्याने दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये नोकरी धरली, आणि हमालांबरोबर माल उतरवता उतरवता तो तिथला इन्चार्ज झाला. गोडाऊनच्या चाव्या त्याच्या कमरेला असायच्या. गावदेवीच्या जत्रेत देवीचे दागिने रात्रभर कोणाच्या घरी ठेवायचे, यावर गावात कधी वाद झाला नाही; दागिन्यांच्या पेटीची चावीही वर्षभर त्याच्याकडेच असायची. "दौलतकडं ठेवलं म्हंजे देवीकडंच ठेवलं," म्हातारी माणसं म्हणायची. माणसाकडे शेत नसतं, बंगला नसतो, पण असं एखादं वाक्य असतं. दौलतची सगळी दौलत म्हणजे तेवढं एक वाक्य होतं.

ते वाक्य नऊ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गेलं.

दिवाळीनंतर गोडाऊनची मोजदाद झाली आणि मोबाइल फोनची पाच खोकी कमी भरली. सिस्टिममध्ये होती, फळीवर नव्हती. चाव्या दौलतकडे. सेठ वाईट माणूस नव्हता, हेच तर दुर्दैव. वाईट असता तर पोलिसात गेला असता, चौकशी झाली असती, चार प्रश्न इकडून, चार तिकडून विचारले गेले असते, आणि कदाचित काही उजेडात आलं असतं. पण सेठ स्वतः अंजूरला घरी आला, अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला, कोरा चहा प्याला आणि म्हणाला, "दौलत, गरज थी तो माँगना था ना. सांगायचं होतं मला. मी केस नाही करणार. तू फक्त उद्यापासून येऊ नको."

"सेठ, मी न्हाय घेतली," दौलत म्हणाला.

सेठने खिशातून घडी केलेला कागद काढला. मोबाइलच्या मालाची सिस्टिममधली प्रिंट. आवक, जावक, शिल्लक. अंगणाच्या कडेला एव्हाना आळीतली माणसं जमली होती. दौलतने कागद हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि मेघालीपुढे धरला. ती तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला, आयटीला. तऱ्यांच्या घरात कंप्युटरला हात लावलेलं पहिलं माणूस.

"बाय, तू बघ," तो म्हणाला. "तुला कलतं त्यातलं."

अठरा वर्षांची पोर ती. सगळं गाव बघतंय, सेठ बघतोय, आणि बापाने आपल्याला विचारलंय, याचाच तिला आधी अभिमान वाटला. तिने कागद ओट्यावर ठेवला, पेन घेतलं, बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या. सगळं जुळत होतं. मग ती कॉलेजातल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "हिशोब बरोबर आहे, बाबा. कंप्युटर आपल्या मनाने खोकी वाढवत नाही."

सेठने मान हलवली आणि उठला. दौलतने कागद परत दिला. त्यानंतर 'मी न्हाय घेतली' हे शब्द त्याच्या तोंडून पुन्हा कधी कोणी ऐकले नाहीत.

गाव काय समजायचं ते समजलं. गप्प बसला म्हणजे कबूल केलं, इतका सोपा हिशोब. दुसऱ्या दिवशी दौलत देवळात गेला आणि दागिन्यांच्या पेटीची चावी पुजाऱ्यापुढे ठेवून आला. कोणी मागितली नव्हती. मग बरेच महिने घरी बसला. पुढे हायवेजवळच्या लग्नाच्या लॉनवर गवताला पाणी मारायचं काम मिळालं, तेव्हा आनंदीबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, जरा कुरकुर केली. इन्चार्ज होता माणूस, आता पाइप धरणार! दौलत एवढंच म्हणाला, "गवत मोजायला लागत न्हाय."

मेघालीला ते वाक्य आपल्यासाठीच आहे असं वाटलं. बाप आपल्यावर रागावलाय, सगळ्या गावापुढे पोरीने बापाला खोटं पाडलं म्हणून त्याने तोंड मिटून घेतलंय, अशी तिची खात्री होती. आणि त्याहून वाईट गोष्ट तिच्या पोटात होती. बापाने खोकी घेतली नाहीत, असं तिला छातीठोकपणे वाटायचं नाही. घेतली असतील असंही वाटायचं नाही. कधी तिच्या फीसाठी, कधी आईच्या ऑपरेशनसाठी, असं काहीतरी तिचं मन जुळवत बसायचं आणि मग तिचीच तिला लाज वाटायची. बापलेक एका घरात राहत होते, एका ताटातली भाकरी खात होते, आणि एकमेकांना फक्त "जेवलास का", "आलीस का" एवढंच विचारत होते. कोन गावच्या एका घरून मेघालीला मागणी आली होती. पाहुणे दोनदा येऊन गेले आणि तिसऱ्यांदा आलेच नाहीत.

शिकून झाल्यावर मेघालीने नोकरी धरली ती अंजूरफाट्यावरच्या एका लहानशा कंपनीत. खाली ट्रान्सपोर्टचं ऑफिस, वर ही कंपनी. गोडाऊनवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची आणि सांभाळायची. दापोड्याच्या त्या सेठकडे चालायचं ते सॉफ्टवेअर याच कंपनीचं. घर जवळ म्हणून धरली, असं ती लोकांना सांगायची. खरं तर पहिल्या तीन महिन्यांत तिने चोरून चोरून सगळा जुना कोड चाळला होता. आवक शोधली, शिल्लक शोधली, मोबाइल शोधले. हजारो फायली, आणि त्या पंधरा-वीस जणांनी येता-जाता लिहिलेल्या. कोणाची मराठी नावं, कोणाची हिंदी, कोणाची नुसती 'नवीन', 'नवीन दोन', 'खरंच नवीन'. शब्द शोधला तर शब्द सापडतो. ज्याचा शब्दच माहीत नाही ते कसं सापडणार? काही हाती लागलं नाही. शोध सोडला तेव्हा तिच्या मनातला उरलासुरला 'कदाचित'ही विझला. तेव्हापासून ती बापाच्या डोळ्यांकडे बघायची टाळायला लागली.

यंदाच्या उन्हाळ्यात कंपनीत नवं साधन आलं. दीपेशने, म्हणजे तिच्या साहेबाने, मोठ्या हौसेने आणलं. चुका शोधायला आता एआयचे एजंट. घरी मेघालीने हे सांगितलं तेव्हा आनंदीबाईने आधी विचारलं, "एजंट म्हंजे जमिनीचा? दलाली किती घेतो?" भिवंडीत दुसरा एजंट कोणाला ठाऊक! पण हा एजंट वेगळा. त्याच्या हाताशी कोड शोधायचं एक साधन होतं. आपण तक्रार साध्या भाषेत सांगायची, की बाबा, असं असं होतंय. मग तो नेमका शब्द धरून बसत नाही. हा तुकडा कोणाला हाक मारतो, तो पुढे कोणाला मारतो, कधी कोणी काय बदललं, असा माग काढत जातो, आणि शेवटी ओळ दाखवतो. माणसाला आठ दिवस लागले असते ते काम चहा होईपर्यंत करतो. कधीकधी ठोकूनही देतो. म्हणून त्याने दाखवलेली ओळ मेघाली स्वतः वाचल्याशिवाय पुढे जायची नाही. कागदावरच्या बेरजेवर विश्वास ठेवून तिचं एकदा झालं होतं तेवढं पुरे होतं.

भाऊबीज झाल्यावर ऑफिस उघडलं आणि पहिलीच तक्रार आली, जवळच्याच पूर्णा गावातल्या एका गोडाऊनची. पाडव्याला सकाळी आलेला कुकरचा ट्रक सिस्टिममध्ये चढवला, पण शिल्लकमध्ये दिसतच नाही. मेघालीने तक्रार जशीच्या तशी एजंटला दिली आणि चहा घ्यायला उठली. परत आली तर उत्तर तयार होतं.

आवक जतन होते तिथून माग काढत काढत एजंट भलत्याच जागी पोचला होता. दिवाळीत स्क्रीनवर पणती आणि 'शुभ दीपावली' दाखवायची एक फाइल होती. शुभेच्छांची फाइल ती, तिच्यात हिशोब कोण शोधणार? तिच्या तळाशी दहा-बारा ओळी होत्या. वर्षावर्षाच्या पाडव्याच्या तारखा, आणि खाली नियम: या दिवशी जी पहिली आवक चढेल ती शिल्लकमध्ये धरायची नाही. वर कोणीतरी रोमन अक्षरांत लिहून ठेवलं होतं, 'सेठ का मुहूर्त, पहली एन्ट्री छोड़ दो.'

मेघालीला ते वाचताक्षणी समजलं. भिवंडीतल्या माणसाला समजायला वेळ लागायचा नाही. पाडव्याला व्यापाऱ्याचं नवं वर्ष सुरू होतं. पूर्वी लाल वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' लिहून शुभाची नोंद करायचे. वह्या गेल्या, कंप्युटर आले, पण मुहूर्त थोडाच जातो? सेठ लोक कंप्युटरला हार घालतात, नारळ फोडतात आणि वर्षाची पहिली आवक म्हणून चांगल्यातल्या चांगल्या मालाची पाच खोकी चढवतात. माल नसतो, नुसती नोंद. वर्षभर असाच माल येवो म्हणून. ती खोटी खोकी शिल्लकमध्ये राहू नयेत म्हणून कोण्या पोराने ही सोय करून दिली होती आणि दिवाळीच्या पणतीखाली झाकून तो नोकरी सोडून कुठे गेला, देव जाणे. सोय चांगलीच होती. फक्त त्या दिवशी पूजेच्या आधी खरा ट्रक आला नाही पाहिजे.

तारखांच्या यादीत तिची नजर खाली घसरली आणि एका वर्षावर थांबली.

जुन्या गिऱ्हाइकांचा डेटा कंपनीत जपून ठेवलेला असायचा. तिने दापोड्याच्या सेठची त्या वर्षाची नोंद उघडली. त्या पाडव्याला सकाळी लवकर एक ट्रक चढला होता, प्लॅस्टिकच्या टबांचा. चढवणारा: दौलत तरे. त्यानंतर दोन तासांनी मोबाइलची पाच खोकी. चढवणारा: सेठ स्वतः. सिस्टिमने टबांचा खरा ट्रक गिळला आणि सेठची मुहूर्ताची खोकी खरी धरली. दरवर्षी ती आपोआप गळायची, म्हणून त्या वर्षी ती राहून गेली असतील असं सेठच्याही मनात आलं नसणार. टब मोजदादीत जास्त निघाले असणार, पण जास्त निघालेल्या मालाची बोंब कोण मारतं? कमी निघाली ती खोकी, जी कधी दापोड्यात आलीच नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता, आणि फास मात्र आवळला गेला होता.

दीपेशने सगळं ऐकून घेतलं. माणूस चांगला, पण कंपनी त्याची. "मेघाली, पूर्ण्याचं आजच दुरुस्त करू," तो म्हणाला. "पण ते जुनं... सेठ तर दोन वर्षांमागे गेला. आता कोणाला दाखवणार?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ज्याने माफी मागायची तोच नाही म्हटल्यावर माफी कुठून आणायची? मेघालीने कंप्युटर बंद केला. तिने पर्स उचलली आणि भर दुपारी रिक्षा करून लॉनवर गेली.

तुळशीची लग्नं तोंडावर आली होती, म्हणून लॉनवर मांडवाचे बांबू उभे राहत होते. दौलत एका कडेला पाइप धरून उभा होता. आनंदीबाई डबा घेऊन आली होती आणि बदामाच्या झाडाखाली तो कधी जेवायला येतो याची वाट बघत बसली होती. पोरीला अवेळी आलेली पाहून ती घाबरून उठली. "काय झालं ग? नोकरी गेली का काय?"

"न्हाय," मेघाली म्हणाली आणि सरळ बापापुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, ती पाच खोकी कधी आलीच नव्हती."

दौलतने नळ बंद केला. कोणती खोकी, हे त्याने विचारलं नाही. ती सांगत गेली. मुहूर्त, पहिली एन्ट्री, टबांचा ट्रक. सांगताना वाक्यं पुढे-मागे होत होती, पण तो एकेक शब्द ऐकत होता. ट्रकचं नाव निघालं तशी त्याने मान वर केली.

"तो जौनपूरचा डायवर," तो हळूच म्हणाला. "त्याचा भाऊ वारला होता गावाला. सेठला पूजेला यायला टाइम होता, तवर गेटात कोनाचा माल घ्यायचा न्हाय आसा नेम. पन तो रडत होता बाय. मी म्हनलं, पूजा होईल मागनं, याला सोडा आधी. मीच टायपिंग केली एका बोटानं."

म्हणजे दयेपायी झालं होतं सगळं. मेघालीला वाटलं होतं, आता तो चिडेल, सेठला शिव्या घालेल, निदान तिच्याकडे तरी 'बघ, मी म्हणत होतो' अशा नजरेने बघेल. त्याची ती नजर झेलायची तिची तयारी होती. नऊ वर्षं ती तीच नजर टाळत होती.

दौलतने पाइप ओल्या गवतावर ठेवला. मग त्याने विचारलं,

"म्हंजे... मी न्हाय घेतली?"

तिला आधी वाटलं, टोमणा मारतोय. मग तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो खरंच विचारत होता.

"आसं काय इचारतो बाबा? तुला म्हाईत न्हाय?"

"तू कागद वाचलास ना तवा," तो म्हणाला. "तू म्हनलीस, हिशोब बराबर हाय. तू खोटं कशाला बोलशील? मंग मी इचार केला, मीच घेतली आसन. कवातरी भान नसताना. पन घेऊन ठेवली कुटं? रोज बसून आठवतो बाय. गेट उघडतो, फली बघतो, सगला रस्ता फिरून येतो मनात. खोका उचलताना मी मना दिसत न्हाय. पन कागदावं तं हाय."

म्हणून देवीची चावी परत केली होती त्याने. रागाने नाही, लाजेने नाही. स्वतःच्या हाताचा भरवसा उरला नव्हता म्हणून. म्हणून गवत, जे मोजायला लागत नाही. मेघाली ज्याला राग समजत होती तो राग नव्हताच. त्याने सगळ्या जगात एका माणसाचा शब्द खरा मानला होता, आणि ते माणूस तीच होती.

आनंदीबाईच्या हातातला डबा खाली टेकला. "आग, हा मानूस बाजारातून आला का पिशवी माज्यापुढं उलटी करतो," ती रडत म्हणाली. "येवढी वरसं. म्हनतो, बघ, काय जास्तीचं न्हाय ना आलं माज्यासंगती. मना वाटायचं, मना टोचून बोलतो. मी रागानं तोंड फिरवायची."

मांडववाली पोरं काम थांबवून बघायला लागली. मेघालीला त्यांची पर्वा नव्हती. गावभर सांगता येईल, देवळात सांगता येईल, सेठच्या मुलाला नोंदी नेऊन दाखवता येतील, ते सगळं ती करणारच होती. पण त्यातलं काहीही या माणसापर्यंत पोचणार नव्हतं, हे तिला कळलं. त्याला गावाची साक्ष नको होती. त्याला जे हवं होतं ते तिने अठराव्या वर्षी द्यायला हवं होतं, एका सेकंदात, कागदाकडे न बघता. ते इतकी वर्षं तिच्याकडेच पडून होतं. तिने त्याचे ओले हात धरले.

"न्हाय बाबा," ती म्हणाली. "तू न्हाय घेतलीस."

तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचे ओठ नुसते हलले, जणू ते शब्द तो स्वतः म्हणून बघत होता आणि त्याला जमत नव्हतं.

"परत सांग," तो म्हणाला.

"तू न्हाय घेतलीस, बाबा. कवाच न्हाय."

"परत."

तिने परत सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिला रडू आवरेना, पण ती थांबली नाही. कारण तो अजून तसाच मान पुढे करून ऐकत होता, आणि त्याचं ऐकणं काही केल्या पुरं होत नव्हतं.